अंगचोर

तीस वर्षांपूर्वीचं आपलंच अक्षर अचानक समोर आलं तर ते ओळखू येत नाही. जुई मुतालिकने फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला तेव्हा मी आधी चष्मा शोधला, मग म्हटलं, "कुणाचं गं हे? वळण छान आहे."

"तुमचंच आहे, सिस्टर," ती म्हणाली.

हातात मावेल एवढा, जाड टीपकागद. त्यावर छापलेली चार वर्तुळं, वर्तुळांत तपकिरी पडलेले रक्ताचे डाग आणि खाली निळ्या शाईत : सारिका कृष्णा डेळेकर, इयत्ता चौथी, वय ९, सुळेवाडी. कोपऱ्यात जानेवारी २०१२ मधली तारीख आणि माझी सही, मा. येजरे.

मी मालन येजरे. आजरा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर एकतीस वर्षं नर्स होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी बाजारात अजून कुणी ना कुणी 'सिस्टर' म्हणून हाक मारतंच. जुई डॉक्टर होती, पण पेशंट तपासणारी नव्हे. कोल्हापूरला प्रयोगशाळेत काम करायची. वय अठ्ठावीस. म्हणजे हे कार्ड तिच्या जन्माआधीचं.

"आठवतं काही?" तिने विचारलं.

न आठवायला काय झालं? त्या हिवाळ्यात गलगंडाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही चाळीस शाळा पालथ्या घातल्या होत्या. जीप ओढ्याअलीकडे थांबायची, पुढे डोक्यावर पेट्या घेऊन चालत. पोरांच्या बोटाला सुई टोचायची, कागदावर चार थेंब घ्यायचे आणि कार्डं सावलीत सुकवायची. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून आम्ही ती चिमट्यांनी टांगायचो. खिडकीतून काजूच्या मोहराचा वास यायचा, त्यात आमच्या स्पिरिटचा मिसळायचा. टोचून घेणाऱ्याला राजगिऱ्याचा लाडू मिळे. एका पठ्ठ्याने लाडवासाठी तीनदा रांग लावली होती आणि तिसऱ्यांदा पकडला गेल्यावर म्हणाला होता, "बाई, माझं रक्त लई हाय." केवढे हसलो होतो आम्ही! दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसून घनसाळ तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी. माझं वय एक्केचाळीस. गुडघे शाबूत होते. आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर मी तो हिवाळा सांगेन.

जुईने चहा संपवला आणि ती कामाचं बोलायला लागली.

हल्ली बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी टाचेतून एक थेंब घेऊन 'डबी' लावतात, हे मलाही ठाऊक होतं. बाळंतिणीला लोक आता 'मुलगा की मुलगी?' याच्या पाठोपाठ 'डबी हिरवी ना?' असंच विचारतात. हिरवी म्हणजे हृदय धड. पिवळी म्हणजे कोल्हापूरला नेऊन इको काढा. पण ती डबी रक्तात नेमकं काय बघते, ते मला जुईने पहिल्यांदा नीट सांगितलं.

"हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो. काही मुलांमध्ये त्याला जन्मतःच भोक राहतं," ती म्हणाली. "डावीकडचं रक्त त्यातून उजवीकडे गळतं. उजव्या बाजूला दुप्पट काम पडतं. मूल निळं पडत नाही, आजारी दिसत नाही. स्टेथोस्कोपने ऐकलं तरी आवाज इतका बारीक की सराईत कानालाही चुकतो. मूल फक्त लवकर दमतं."

"आणि रक्तात?"

"ताणलेलं हृदय काही पदार्थ रक्तात सोडतं. पण तापात, रक्तक्षयातही तेच पदार्थ वाढतात, म्हणून एकावरून काही सांगता येत नाही. आम्ही सत्तावीस बघतो, आरएनएचे बारीक तुकडे. कोणता किती, याचा मेळ बघायचा. अंधारात नुसत्या चालीवरून आपण घरचं माणूस ओळखतो ना, तसं. आणि हे तुकडे चरबीच्या इवल्या पिशव्यांत बंद असतात. कागदावर एकदा खडखडीत सुकले की वाळवलेल्या बियाण्यासारखे टिकतात."

"तीस वर्षं?"

"तेच बघायचं होतं. आज पिवळ्या आलेल्या बाळांचं पुढे काय होतं हे कळायला आम्हाला तीस वर्षं थांबावं लागलं असतं. तेवढ्यात एका कॉलेजच्या तळघरातल्या फ्रीजरमध्ये तुमची कार्डं सापडली. सोळाशे बारा. त्यांतली नऊ पिवळी आली."

नवांपैकी सहा जणांचा पत्ता तिने लावला होता. एकाचं पंधराव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं होतं. एक मुलगा बाविसाव्या वर्षी कबड्डी खेळताना पडला, तो उठलाच नाही. बाकीच्या चौघांना तिने कळवलं होतं आणि त्यांचे उपचार सुरू झाले होते. जुनी कार्डं तपासायची परवानगी देताना इस्पितळाच्या नीतिसमितीने अटच घातली होती : जो जिवंत सापडेल त्याला सांगायचंच. उरलेल्या तीन मुली. लग्न होऊन नावं बदलली, गावं बदलली.

"सगळे म्हणाले, येजरे सिस्टरना पोरंन् पोर आठवतं," जुई म्हणाली. "ही सारिका आठवते?"

"आठवते," मी म्हटलं. "हौसाबाईची मुलगी. उद्या जाऊ."

एवढंच बोलले. बाकीचं बोलले नाही.

बाकीचं असं होतं. त्या दिवशी सुळेवाडीच्या शाळेत कार्डं सुकत असताना हौसाबाई मुलीचा हात धरून माझ्याकडे आली होती. "सिस्टर, हिला जरा बगा. टेकावर चढताना मधीच बसती. पानी आनाय पाठवली तर बसती. रानात बसती." डॉक्टर पुढच्या शाळेवर गेले होते. मी मुलीची पापणी ओढून बघितली, थोडी फिकट. स्टेथोस्कोप लावला, मला काही वेगळं ऐकू आलं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मुलीला बाहेर व्हरांड्यात पाठवलं. मागे अजून साठ पोरं रांगेत होती. मी हसत म्हटलं, "काही झालेलं नाही हिला. अंगचोर आहे जरा. कामाला लावा, होईल सवय."

रांगेतली पोरं हसली. पुढच्या वर्षी लसीकरणाला गेले तेव्हा अख्खी वाडी तिला अंगचोर सारी म्हणत होती. तेव्हा मला वाईट वाटलं का? वाटलं नाही. खरं सांगायचं तर मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी जुईच्या गाडीतून निघालो. ओढ्यावर पूल झालेला, टेकावर डांबरी. शाळेला कुलूप, पोरं आता खालच्या मोठ्या गावात जातात. व्हरांड्याच्या कौलांवर शेवाळ चढलं होतं. मी दोन मिनिटं थांबायला लावलं आणि खिडकीतून आत बघितलं. सुतळी बांधायचे खिळे भिंतीत तसेच होते.

डेळेकरांचं घर वाडीच्या टोकाला. सारिका माहेरीच होती. तिला मी अंगणात बघितली. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण पाण्याची कळशी पायरीवर टेकवून भिंतीला हात लावून उभी, ओठ किंचित उघडे. श्वास खाली बसेपर्यंत ती कुणाशी बोलणार नाही, हे बघताक्षणी कळत होतं. मग तिने वर बघितलं.

"सिस्टर? अगंबाई, तुम्ही तर पार पांढऱ्या झालासा!" ती हसली. "तुम्ही मला लाडू दिला होता. दोन दिले होते खरं तर. एक लपवून."

मला तो दुसरा लाडू आठवत नव्हता. तिला आठवत होता.

हौसाबाई बाहेर आली. साठी उलटलेली, काटक. तिने मला ओळखलं, पण हसली नाही; पदर डोक्यावर घेतला आणि चहा टाकायला आत गेली.

चहा होईपर्यंत सारिकाने सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. हायस्कूल टेकापलीकडे चार किलोमीटरवर, म्हणून सातवीनंतर शाळा बंद. विसाव्या वर्षी लग्न. सासर डोंगरमाथ्यावर, पाणी खाली. दोन वर्षांनी सासूने परत आणून सोडलं, म्हणाली, ही बसून खाणारी आहे. तेव्हापासून काजूच्या कारखान्यात. "ते काम बसून असतंय. मला जमतंय. अंगचोराला बरं," असं म्हणून ती पुन्हा हसली.

जुईने तिला सगळं समजावलं आणि बोटातून थेंब घेतला. डबीला चाळीस मिनिटं लागतात. पिवळी आली.

आठवड्याभरात कोल्हापूरच्या इस्पितळात इको झाला. पडद्याला चोवीस मिलिमीटरचं भोक. उजवी बाजू फुगलेली. फुप्फुसांतला दाब वाढलेला. हृदयाचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "मांडीच्या शिरेतून नळी घालून, जाळीची छोटी छत्री बसवून भोक बंद करता येतं. पण आधी फुग्याने बंद करून बघावं लागेल. इतक्या वर्षांच्या ताणाने फुप्फुसं कडक झाली असतील, तर बंद करणंच धोक्याचं. मग आयुष्यभर गोळ्या. आत गेल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

सारिका इकोच्या स्क्रीनवर आपलं हृदय उघडमीट करताना बघत होती. धोक्याचं तिने काही विचारलं नाही. तिने विचारलं, "हे भोक कधीपासनं आहे?"

"जन्मापासून."

"म्हणजे चौथीत होते तेव्हापण?"

"तेव्हाही होतं."

"मग मी अंगचोर नव्हते?"

डॉक्टरांना तो प्रश्न समजला नाही. ते म्हणाले, "तुम्ही एवढं काम कसं केलंत याचंच मला नवल वाटतंय."

बाहेर बाकावर हौसाबाई बसली होती. सारिका तिच्यासमोरून सरळ पुढे गेली. सुळेवाडीला उतरल्यावर सारिका आईला म्हणाली, आवाज न चढवता, "तू मला टेकावर फोकानं मारलंस. सासू न्यायला आली तेव्हा तिच्यापुढं तूच म्हणालीस, पोरगी अंगचोर हाय, सांभाळून घ्या. तूच नाव ठेवलंस मला. ऑपरेशनला तू येऊ नकोस."

तिने आपलं अंथरूण मैत्रिणीच्या घरी हलवलं. ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची ठरली.

दोन दिवसांनी मी एकटीच हौसाबाईकडे गेले. ती गोठ्यात म्हशीची धार काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं केलासा आलासा. तिला सोबत ऱ्हावा. मला न्हाई चालत ती."

"हौसाबाई, ते नाव..."

"म्हाईत हाय मला." धारेचा आवाज थांबला नाही. "तुमी म्हणाला व्हतासा. त्याच्या आधी मला तो शबुद सुचला नव्हता. मला वाटायचं पोर नाजूक हाय. तुमी शिकल्याल्या. तुमी सांगितलासा काय न्हाई झालं, म्हणून मी फोक घेतला."

"मग तिला सांगितलं का नाही? परवा, ती तुम्हाला बोलली तेव्हा?"

"सांगून काय करू? तुमी तिला लाडू दिल्याला तिला आठवतंय. तेवढं एक तिच्या ध्यानात चांगलं हाय त्या शाळेतलं. ते कशाला काढून घेऊ?" तिने चरवी उचलली. "आणि तुमी म्हणाला एकडाव. मी म्हणाले तीस वर्सं."

मी त्या बाईच्या घरी चहा पिऊन आले होते. तिच्यासमोर माझ्या सर्वेक्षणाच्या आठवणी जुईला हसून हसून सांगितल्या होत्या. ती ऐकत होती.

मी जुईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर सांगा. आत्ता तिचा तुमच्यावर विश्वास आहे. त्या विश्वासावरच ती आत जायला तयार झालीय. आज सांगितलंत आणि ती उठून घरी गेली तर? पुन्हा येणार नाही ती. दाब आणखी वाढला तर काहीच करता येणार नाही."

"आणि आत काही झालं तर?" मी म्हटलं. "आईवर राग धरूनच ती गेली तर?"

जुईची डबी रक्तातले सत्तावीस तुकडे मोजत होती. हे त्यात कुठे येणार?

बुधवारी संध्याकाळी सारिका इस्पितळातल्या खाटेवर बसून मोसंबी सोलत होती. उद्या काय काय होणार ते मला विचारत होती. नळी कुठून घालतात, शुद्ध असते का. मी नर्स, म्हणून तिला माझ्या सांगण्याचा धीर वाटत होता. अर्धं मोसंबं तिने माझ्या हातावर ठेवलं.

मी ते बाजूला ठेवलं आणि सांगितलं. जसं घडलं तसं. पापणी ओढून बघितली ते, मागची रांग, माझं हसणं, सगळं. "तो शब्द तुझ्या आईचा नाही, सारिका. माझा आहे. तिने तो माझ्याकडून घेतला, कारण मी सिस्टर होते. तुझ्या मनातून मी उतरू नये म्हणून ती तुझं बोलणं ऐकून घेत राहिली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. मी ओरडण्याच्या तयारीने बसले होते. तिच्या बोटांना मोसंब्याचा रस लागला होता, तो तिने चादरीला हळूहळू पुसला.

"आईला फोन लावा," ती म्हणाली.

लावला. हौसाबाईने उचलल्यावर ती फक्त म्हणाली, "सकाळच्या पहिल्या गाडीनं ये." मग थोडं थांबून, "माझा निळा स्वेटर आण. इथं एसी आहे."

फोन माझ्या हातात परत देत तिने मान वळवली. "सिस्टर, आता तुम्ही जा. उद्या आई बसेल बाहेर. तुम्ही नको."

मी गेले. तेवढं तर माझं देणं होतंच.

गुरुवारी मी घरी होते. जुईचा फोन दुपारी दीड वाजता आला. फुग्याने भोक बंद करून त्यांनी पंधरा मिनिटं वाट बघितली होती. दाब चढला नाही, उलट थोडा उतरला. छत्री बसली. "वीसेक टक्के फुप्फुसं कडक आहेत, ती तशीच राहतील," जुई म्हणाली. "गोळ्या घ्याव्या लागतील. पण जगेल, सिस्टर. चांगली जगेल." मी खाली बसून घेतलं आणि तिला तसंच फोनवर ठेवून रडले.

नंतरची बातमी मला जुईकडूनच कळायची. सारिकाला पहिले तीन दिवस झोप लागली नाही. छातीत आयुष्यभर चाललेली धडधड शांत झाली होती आणि ती शांतताच तिला भिववत होती. हौसाबाई रात्रभर तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची. दोघी परत एका घरात राहायला लागल्या. भांडायच्याही, खूप. तीस वर्षांचं साठलेलं होतं. ते एका फोनने थोडंच फिटतं? माझं नाव सारिका काढत नव्हती.

मी उरलेल्या दोन मुलींच्या मागे लागले. एक निपाणीला सापडली, एक गोव्यात. दोघींच्या घरी बसून मी आधी माझ्या चुकीची गोष्ट सांगत असे आणि मगच डबीचं सांगत असे. जुईला ते पसंत नव्हतं, पण तिने मला थांबवलं नाही.

फेब्रुवारीत सुळेवाडीच्या पोरांचे नमुने घ्यायचे म्हणून जुईने मला बरोबर बोलावलं. मी नको म्हणत होते. तिने हट्ट धरला. ती समाजमंदिरात सामान लावत होती तेवढ्यात मी एकटीच बाहेर पडले आणि खळ्याकडे चालत गेले.

खळ्यावर सारिका सायकल शिकत होती. साधी सायकल, बॅटरीची नव्हे. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, ओठ घट्ट मिटलेले, हँडल वेडंवाकडं. मागे हौसाबाई सीट धरून पळत होती आणि ओरडत होती, "फुडं बग! माझ्याकडं काय बगतीस, फुडं बग!" कुंपणावर बसलेल्या चार बाया टाळ्या वाजवत होत्या. एक गोल फेरी झाली, दुसरी झाली. सारिकाच्या गालांवर लाली चढली होती. मी तिला लहानपणीही तशी कधी बघितली नव्हती. तिसऱ्या फेरीला हौसाबाई कमरेवर हात ठेवून मधेच उभी राहिली. तिचा ऊर धपापत होता.

सारिकाने पाय टेकवून सायकल थांबवली. तेव्हा तिला मी दिसले.

ती हसली नाही. मीही पुढे गेले नाही. वळून परत जावं की काय, असा विचार मी करत होते.

"सिस्टर," तिने हाक मारली, "नुसत्या बघत काय उभ्या राहिलाय? आई दमलीय. मागनं धरा."

मी एकाहत्तर वर्षांची. गुडघ्यांची वाट लागलेली. चपला कडेला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सोडू नका हां," ती म्हणाली आणि तिने पायडल मारलं.